ओवीला कुलूप कसे लावणार?

श्रोतेहो, शंभर वर्षांहून जुनी मूर्ती कुणी गुपचूप परदेशी नेऊ लागला, तर १९७२ चा कायदा त्याच्या आडवा येतो. पण आजीच्या ओठांवरची ओवी आजीबरोबरच गेली, तर फिर्याद कुणावर करायची? इथे चोरच नाही!

दगडाला कुंपण घालता येते, गळ्याला कसे घालणार? हा पेच जपानने ओळखला. त्यांच्या १९५० च्या कायद्याने देवळे-मूर्तींच्या जोडीला नाट्य, संगीत आणि कारागिरी हीही राष्ट्राची संपत्ती मानली. तिथे निवडक कलावंतांना सरकार दरसाल अनुदान देते. त्यांनी आपली विद्या शिष्यांच्या हाती द्यावी, हा त्यातला हेतू. पुढे २००३ साली युनेस्कोने अशा वारशासाठी जागतिक करार केला आणि २००५ साली भारताने तो स्वीकारला. नाशिकसह चारही ठिकाणचा कुंभमेळा २०१७ साली त्या करारातील यादीत गेला. आपल्याकडे मात्र या वारशासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. संगीत नाटक अकादमी आणि सरकारी योजना यांवरच भिस्त आहे.

आता घरचेच पाहा. गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. बरेच झाले, बायांचे कष्ट वाचले! ओवीसाठी पुन्हा पहाटे दळायला बसा, असे कोण म्हणेल? पण सासर-माहेरचे दुःख ज्या शब्दांत त्या मोकळे करीत, ते शब्दही जात्याबरोबर मुके झाले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव हिंडून, गावच्या बायांच्याच मदतीने, एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. केवढे काम हे! तरी वहीतली ओवी म्हणजे कणगीतले बी. ते पेरले नाही, तर पीक कुठून येणार?

करारही हेच सांगतो : वारसा कोणता, हे तो जपणाऱ्या लोकांनीच ठरवायचे आणि तो पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा. म्हणून गुरुजी, बाई, तुम्हाला एक विनंती. एखाद्या आजींना शाळेत मानाने बोलवा. त्यांच्या परवानगीने ओव्या उतरवून घ्या, खाली त्यांचे नाव आणि गाव लिहा. मग मुलांना तीच चाल धरून स्वतःची ओवी रचू द्या, मग ती एस.टी.वर असो की मोबाइलवर. आजी हसतील, हसू द्या. पण ओवी पुढे गेली, असे त्याच क्षणी समजा.

कायदा दाराशी राखण करील, श्रोतेहो. घरात दिवा आपणच लावायचा आहे.