दुनळीची पारख



बंदुकीवर व्याख्यान म्हटल्यावर काहींना शिकारीच्या गोष्टींची आशा वाटली असेल. त्यांची निराशा होणार आहे. आम्ही बोलणार आहोत ते छऱ्यांच्या जुन्या विलायती दुनळीविषयी, आणि ती खरी की बनावट हे कसे ओळखावे याविषयी. आपल्या संस्थानिकांनी अशा बंदुका लंडनहून हौसेने मागविल्या. त्यांतली एखादी नातवाच्या कपाटात निघते, पट्टीवर ‘पर्डी’ हे नाव दिसते, आणि घरच्यांना लाखांची स्वप्ने पडू लागतात.

परंतु नाव हा सर्वांत दुबळा पुरावा होय. नाव कोरणे म्हणजे कुशल कोरक्याचे थोड्या वेळाचे काम. लंडनचा जोसेफ मँटन (१७६६–१८३५) एवढा नावाजला, की त्याचे नाव कोरलेल्या हलक्या बंदुकांचा सुळसुळाट झाला. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्‌सची ख्याती पाहून बेल्जममधून नुसत्या ‘डब्ल्यू. रिचर्ड्‌स’ नावाचा स्वस्त माल अमेरिकेत गेला. खोटे बोलल्याचा ठपका नको आणि गिऱ्हाईक तर गळाला लागावे, अशी ही युक्ती!

म्हणून जाणकार नाव वाचीत बसत नाही. तो नळ्या सोडवून पालथ्या करतो. खालच्या सपाट भागावर परीक्षेचे शिक्के असतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने निघाले. तेथे नेहमीपेक्षा जबर भार घालून नळी उडवतात, आणि ती टिकली तरच शिक्का बसतो. आता वर लंडनचे नाव आणि खाली लंबवर्तुळात ‘ईएलजी’ ही बेल्जमच्या लीएज शहराची अक्षरे असतील, तर संशय घ्यावा. उलट, बर्मिंगहॅमचा शिक्का दिसला म्हणून लगेच बनावट म्हणू नये, कारण लंडनचे कित्येक दुकानदार आपला माल तेथूनच बनवून घेत.

शिक्के काळही सांगतात. ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे ‘गोळीसाठी नव्हे’, हे शब्द १८७५ ते १८८७ या काळातले. बंदूक १८६० ची आहे असे विकणारा म्हणत असेल आणि नळीवर हे शब्द असतील, तर एकतर नळ्या मागाहूनच्या, किंवा त्यांची पुन्हा परीक्षा झालेली. दोन्ही गोष्टी प्रामाणिक असू शकतात. पण किंमत तीच राहत नाही. जुन्या बुडाला नव्या नळ्या जोडल्या असतील तर ‘स्लीव्ह्‌ड’ असे तेथे छापावे लागते.

नंतर नंबर. लंडनच्या नामांकित पेढ्यांनी आपल्या वह्या जपल्या आहेत. नंबरावरून बोअर, नळीची लांबी, मूळ गिऱ्हाईक समजते. वहीत तीस इंच आणि हातात अठ्ठावीस, असे झाले तर तोंडाकडे पाहावे. तेथे दोन्ही नळ्या एकमेकींना टेकलेल्या असतात. कापलेल्या असतील तर मध्ये फट राहते आणि ती डाखाने भरलेली दिसते.

दमास्कस नळीचा मोह मोठा. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, एकीत एक ठोकून ती घडवीत, आणि त्यातून लाटांसारखी नक्षी उमटे. ती धातूच्या अंगातच असते. साध्या नळीवर आम्लाने वरवर नक्षी काढलेली असली, तर लाकडाखालच्या झाकल्या जागी थोडे घासून पुन्हा सौम्य आम्ल लावले असता काहीच परत येत नाही. हे काम मात्र कारागिराकडूनच करवावे. घरी लिंबू घेऊन बसू नये.

सर्वांत कठीण प्रकार अस्सलाला अधिक अस्सल करण्याचा. अमेरिकेत मेरिडन येथील पार्कर ब्रदर्सच्या बंदुका अनेक प्रतींच्या असत. रेमिंग्टनने १९३४ मध्ये ती पेढी विकत घेतली. लहान बोअरच्या, उंची प्रतीच्या पार्कर दुर्मीळ. म्हणून साध्या पार्करवर नवी नक्षी कोरून तिची ‘बढती’ केली जाते. नाव खरे, नळी खरी, लबाडी फक्त नक्षीत! परंतु बुडाच्या सपाट भागावर प्रतीचा आकडा छापलेला असतो आणि नळीवर तिचे कच्चे वजनही. शिवाय कडा आणि स्क्रूच्या खाचा झिजलेल्या, पण नक्षीच्या रेघा मात्र कालच्यासारख्या तीक्ष्ण, हे कसे? कारखान्याच्या बऱ्याच नोंदी शिल्लक आहेत, आणि संग्राहकांची संघटना नंबरावरून लेखी उत्तर देते. १९८० च्या दशकात जपानात बनलेली पार्करची उघड प्रतिकृतीही आहे. ती स्वतःला प्रतिकृती म्हणवते, म्हणून तिच्याशी आमचे भांडण नाही.

एक गोष्ट राहिली. ओळख पटली म्हणून काडतूस घालू नये. शंभर वर्षांत नळी आतून घासून पातळ झालेली असते, आणि जुनी दमास्कस काळ्या दारूसाठी घडवलेली. आधी जाडी मोजून घ्यावी. परवान्याचे तर सांगावयास नकोच. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यापुढे आजोबांची आठवण चालत नाही.