विक्रमाची नोंद कोणाच्या नावावर?

सन्माननीय स्वागताध्यक्ष, मंडळाचे पदाधिकारी, भोसल्यांच्या अमदानीपासून तंजावर प्रांतात मराठी जतन करीत आलेल्या घराण्यांतील सभासद, आणि चाकरी-व्यापाराच्या निमित्ताने नंतरच्या काळात चेन्नईत येऊन स्थायिक झालेले रसिक बंधुभगिनींनो,

साहित्य मेळाव्याच्या अध्यक्षाने ग्रंथसंग्रह, परिभाषा, शिक्षणाचे माध्यम आणि भाषेचे भवितव्य यांवर बोलावे असा प्रघात आहे, आणि त्या प्रघाताविषयी मला आदरच आहे. तथापि आज या पीठावरून मी वृत्तपत्राच्या क्रीडापृष्ठाविषयी आणि दूरचित्रवाणीवरील क्रीडावार्तांविषयी बोलणार आहे, कारण ज्या घरात वर्षाकाठी एकही कादंबरी येत नाही त्या घरातही ते पान सकाळी उघडले जाते, शाळकरी मुलामुलींची भाषा त्यावर पोसली जाते, आणि स्त्रियांच्या पराक्रमाविषयी त्या पानावर जी भाषा वर्षानुवर्षे बिनदिक्कत चालत आली आहे ती अन्यायाची आहे, असत्याची आहे, आणि तिच्याविरुद्धची फिर्याद साहित्याच्या सभेने ऐकायची नाही तर कोणी ऐकायची?

आपल्याच शहरातील उदाहरणापासून आरंभ करतो. 28 जून 2024 रोजी चेपॉकच्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत भारतीय स्त्रियांनी पहिल्या दिवसअखेर 4 गडी गमावून 525 धावा केल्या. कसोटी क्रिकेटच्या संपूर्ण इतिहासात, मग सामना पुरुषांचा असो की स्त्रियांचा, एका दिवसात एका संघाने इतक्या धावा त्यापूर्वी कधीही केल्या नव्हत्या; 2002 साली श्रीलंकेच्या पुरुषांनी बांगलादेशाविरुद्ध केलेल्या 509 धावा त्या दिवशी मागे पडल्या. वीस वर्षांच्या शेफाली वर्माने 194 चेंडूंत द्विशतक गाठले आणि ती 205 धावांवर बाद झाली, सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाने 149 धावा काढल्या, दोघींची सलामीची भागीदारी 292 धावांची झाली, 6 बाद 603 वर डाव घोषित करण्यात आला, स्नेह राणाने पहिल्या डावात 77 धावांत 8 बळी टिपले, आणि सामना दहा गडी राखून जिंकला गेला. 525 धावांच्या त्या पहिल्या दिवसानंतर दुसऱ्याच दिवशी बार्बाडोस येथे पुरुषांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. त्याला अधिक रकाने मिळाले याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार जागेची नसून भाषेची आहे. हा पराक्रम करणाऱ्या शेफालीला आपली माध्यमे 'लेडी सेहवाग' म्हणत आली आहेत, आणि मानधनाच्या नावामागे 'नॅशनल क्रश' ही उपाधी लावण्यात त्यांना कसलाही संकोच वाटलेला नाही. म्हणजे एकीची फलंदाजी एका पुरुषाच्या नावे जमा झाली आणि दुसरीची तिच्या चेहऱ्याच्या नावे.

यावर उत्तर दिले जाते की वीरेंद्र सेहवाग हे थोर फलंदाज असल्यामुळे त्यांच्याशी तुलना होणे हा सन्मानच होय. मी विचारतो, हा सन्मान उलट दिशेने कधी गेला आहे काय? मिताली राजला 'लेडी तेंडुलकर' म्हणून पिढीभर संबोधण्यात आले; परंतु संयमाने डाव बांधणाऱ्या एखाद्या तरुण पुरुष फलंदाजाला 'आमचा मिताली' म्हणण्याचे धाडस एकाही क्रीडालेखकाने केलेले माझ्या वाचनात नाही. 2017 च्या विश्वचषकाच्या पूर्वसंध्येला त्याच मितालीला एका पत्रकाराने तिचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण असे विचारले, तेव्हा पुरुषांना तुम्ही आवडती स्त्री क्रिकेटपटू कोण असे विचारता काय, असा प्रतिप्रश्न तिने केला, आणि त्या प्रतिप्रश्नाला आजतागायत कोणत्याही संपादकाने सरळ उत्तर दिलेले नाही.

सभ्य गृहस्थहो आणि भगिनींनो, विक्रमाची नोंद हा दस्तऐवज असतो. जमिनीच्या दप्तरात कब्जेदाराचे नाव वगळून भलत्याच्या नावे फेरफार केला तर त्याला आपण शिष्टाचारातील चूक म्हणत नाही, बनावट म्हणतो. मग क्रीडेच्या दप्तराला निराळा न्याय का? 16 डिसेंबर 1997 रोजी मुंबईत, वांद्रे पूर्वेच्या एमआयजी मैदानावर, ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क हिने डेन्मार्कविरुद्ध नाबाद 229 धावा काढल्या. आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेटमधले ते पहिले द्विशतक. ज्या वस्तीत कवी प्रा. रमेश तेंडुलकर राहिले आणि त्यांचा पुत्र बॅट धरावयास शिकला, ती साहित्य सहवास वसाहत त्याच वांद्रे पूर्वेत आहे. तरीही 24 फेब्रुवारी 2010 रोजी ग्वाल्हेरला सचिन तेंडुलकरने नाबाद 200 धावा केल्या तेव्हा 'एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक' अशी घोषणा अखिल भारतात दुमदुमली, आणि आजही विद्यार्थ्यांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांत तीच नोंद छापली जाते. तेंडुलकरांच्या त्या खेळीचे मोल क्लार्कचे नाव घेतल्याने तसूभरही कमी होत नाही. ते नाव न घेतल्याने मात्र आपली नोंद खोटी ठरते. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या अँडी मरेला एका समालोचकाने टेनिसमध्ये दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारा पहिला खेळाडू म्हटले, तेव्हा व्हीनस आणि सेरेना विल्यम्स यांच्याजवळ प्रत्येकी चार आहेत असे मरेने जागच्या जागी सांगितले. असा एक विजेता पुरुष आपल्या देशात उभा राहून अशी दुरुस्ती करील, त्या दिवसाची मी वाट पाहतो आहे.

चेन्नई हे बुद्धिबळाचे माहेरघर, म्हणून त्या पटाकडे वळतो. रमेशबाबू वैशाली ही याच शहराची कन्या. घरात बुद्धिबळ प्रथम तिने हाती घेतले, आणि तिचे पाहून धाकटा भाऊ प्रज्ञानंद पटाशी बसू लागला. तरी लौकिकात ती 'प्रज्ञानंदची बहीण' झाली. नोव्हेंबर 2023 मध्ये आइल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धेत खुल्या गटात नाशिकचा विदित गुजराथी आणि स्त्रियांच्या गटात वैशाली विजयी झाली. विदितच्या विजयाची वार्ता सांगताना त्याच्या बहिणीची चौकशी कोणी केली नाही, आणि ते योग्यच होते. वैशालीच्या बाबतीत मात्र भावाचे नाव आल्यावाचून वाक्य पुरे होईना. त्याच वर्षी डिसेंबरात तिने ग्रँडमास्टर पदासाठी आवश्यक असलेला 2500 गुणांचा टप्पा ओलांडला, 2025 साली समरकंद येथे ग्रँड स्विस पुन्हा जिंकली, आणि तरीही ते नाते तिच्या नावाला प्रस्तावनेसारखे जोडलेलेच आहे.

नागपूरच्या दिव्या देशमुखची हकीकत याहून कटू आहे. जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झे येथील स्पर्धेनंतर या अठरा वर्षांच्या मुलीने जाहीरपणे लिहिले की प्रेक्षक आपल्या डावांची चर्चा करीत नाहीत, आपले केस, आपले कपडे आणि आपले उच्चार यांची चर्चा करतात. त्यावर आपल्याकडे चार दिवस हळहळ व्यक्त झाली. त्यानंतर याच मुलीने त्या वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये, पुण्याच्या अभिजित कुंटे यांच्या कप्तानीखालील सुवर्णविजेत्या भारतीय संघातून खेळताना वैयक्तिक सुवर्णपदकही मिळविले, आणि 28 जुलै 2025 रोजी बाटुमी येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोनेरू हम्पीसारख्या मातब्बर खेळाडूला जलद डावांत नमवून ग्रँडमास्टर किताब प्राप्त केला. दुसऱ्या दिवशी आपल्याला वारंवार काय दाखविण्यात आले? आईच्या गळ्यात पडून ती रडली ते. ते अश्रू खरे होते, आणि त्यांची थट्टा करणाराला मी माणूस म्हणणार नाही. परंतु तो निर्णायक डाव कसा खेळला गेला, हम्पीची चूक कोठे झाली आणि दिव्याने ती कशी हेरली, हे समजावून सांगणारे मराठी मी शोधत राहिलो आणि मला ते फारच थोडे सापडले.

हम्पीविषयी तर 'मातृत्वानंतरही' हा शब्द जणू तिच्या आडनावाचा भाग झाला आहे. तिने 2019 साली मॉस्कोत आणि 2024 साली न्यूयॉर्कमध्ये जागतिक जलद बुद्धिबळाचे अजिंक्यपद मिळविले. तिला कन्या आहे हे सांगण्यास हरकत नाही. परंतु आपले विश्वनाथन आनंद 2011 साली पिता झाले आणि 2012 च्या मे महिन्यात त्यांनी गेल्फंडविरुद्ध जगज्जेतेपद राखले, तेव्हा 'पितृत्वानंतरही' असा मथळा कोणाला सुचला होता काय? सानिया मिर्झा जगातील अव्वल दुहेरी खेळाडू असताना, 2016 साली, संसारात स्थिर केव्हा होणार आणि मूल केव्हा, असे तिला दूरचित्रवाणीवर विचारण्यात आले. तिने तेथल्या तेथे खडसावले, आणि प्रश्नकर्त्याने क्षमा मागितली. त्या गृहस्थाने क्षमा मागितली हे मी आवर्जून नमूद करतो, कारण बहुतेकांना तेवढेही सुचत नाही.

याच तमिळ प्रांतातील पुदुक्कोट्टै जिल्ह्याच्या शांती सौंदरराजन हिने 2006 साली दोहा येथील आशियाई स्पर्धांत 800 मीटर धावण्याचे रौप्यपदक मिळविले, आणि लिंगचाचणीच्या निमित्ताने ते तिच्याकडून काढून घेण्यात आले. चाचणीचा शास्त्रार्थ करण्यास मी अधिकारी नाही. परंतु एका गरीब घरातील धावपटूचे शरीर देशभरच्या चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार वार्ताहरांना कोणत्या सनदेने दिला होता? ज्या माध्यमांना एरवी स्त्रीच्या सौंदर्याविषयी बोलण्याचा हक्क हवा असतो, त्यांनीच तिच्या स्त्रीत्वाविषयी संशय घेण्याचा हक्क बजावला. ते दोन निराळे हक्क नव्हेत, एकाच वहिवाटीची ती दोन टोके आहेत: खेळ बाजूला सारून शरीर पाहावयाचे.

यावर कोणी असे समजू नये की हा प्रश्न आज उपस्थित झाला आहे. पन्नास वर्षांपूर्वी, 1976 साली, तेरा वर्षांच्या रोहिणी खाडिलकरने पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत भाग घेतला तेव्हा गहजब झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना निर्णय द्यावा लागला की राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी स्त्रियांची राष्ट्रीय अजिंक्यपदे आरंभीची दहा वर्षे आपल्याच घरात ठेवली, आणि त्यांचे वडील नीळकंठ खाडिलकर हे 'नवाकाळ'चे संपादक होते. म्हणजे मराठी वृत्तपत्रसृष्टीला हा विषय परका नाही. तिच्या एका संपादकाच्या घरातच तो लढला गेला आणि जिंकला गेला. कायद्याने दिलेला हक्क भाषेने अर्धशतकानंतरही मान्य करू नये, ही आपल्या व्यवसायबंधूंची थकबाकी आहे.

आणि साहित्यिकांनी येथे स्वतःला निर्दोष समजू नये. तंजावरच्या मराठा राजा प्रतापसिंहाच्या दरबारातील मुद्दुपलनी हिने तेलुगू भाषेत 'राधिका सांत्वनम्' हे काव्य रचले. पुढे कंदुकुरी वीरेशलिंगम यांच्यासारख्या सुधारकाग्रणीने त्या काव्यावर लिहिताना कवयित्रीच्या चारित्र्यावर घाला घातला. बंगळूर नागरत्नम्मांनी 1910 साली ते काव्य परिश्रमाने पुन्हा प्रकाशित केले, तर मद्रास सरकारने त्यावर बंदी आणली, आणि ती स्वातंत्र्याच्या वर्षापर्यंत उठली नाही. काव्यापूर्वी कवयित्रीचे कुळ तपासण्याची ही सवय आपल्या समीक्षेने क्रीडापृष्ठाला शिकविली असे कोणी म्हटले, तर त्याचे खंडन मला करता येणार नाही.

शेवटचा बचाव ममतेचा असतो. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून भारतीय स्त्रियांनी विश्वचषक जिंकला, आणि 'लेकींनी करून दाखवले', 'रणरागिणी', 'नारीशक्ती' अशा शब्दांचा पूर आला. लेक म्हणण्यात माया आहे, ती मी नाकारीत नाही. पण मायेने कर्तृत्व सांगितले जात नाही. त्या स्पर्धेत दीप्ती शर्माने 215 धावा केल्या आणि 22 बळी घेतले. एकाच विश्वचषकात दोनशे धावा आणि वीस बळी हे पुरुष वा स्त्री, कोणालाही त्यापूर्वी साधले नव्हते. हे वाक्य प्रत्येक मराठी घरात पोहोचावयास हवे होते. त्याऐवजी प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांची तुलना एका हिंदी चित्रपटातील काल्पनिक प्रशिक्षकाशी करून विजयाची कथा ठिकठिकाणी त्यांच्याभोवती गुंफण्यात आली. मुजुमदारांचे श्रेय मोठे आहे, आणि ते त्यांना पुरते मिळाले पाहिजे. परंतु चेंडू त्यांनी टाकला नव्हता. वाचकाला हेच रुचते, असे जे संपादक सांगतात त्यांनी वाचकाला दुसरे काही वाढून पाहिलेले नाही, आणि म्हणून त्यांचा हा दावा पुराव्याअभावी फेटाळावयास पाहिजे.

या सभेपुढे मी एक ठराव ठेवीत आहे, आणि तो आजच संमत व्हावा अशी माझी विनंती आहे. मराठी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी 'पहिला' असे लिहिण्यापूर्वी स्त्रियांच्या नोंदी तपासाव्यात; खेळाडूच्या रूपाचा, विवाहाचा आणि अपत्यांचा उल्लेख खेळाशी संबंध असेल तरच करावा; तिला कोणाची बहीण वा कोणाची प्रतिकृती म्हणून सादर करू नये; आणि विजयाच्या वृत्तात विजय कसा मिळविला हे प्रथम सांगावे. ठरावाची प्रत प्रत्येक मराठी संपादकाकडे सहीनिशी पाठविली जाईल. ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी या सभागृहात उभे राहून विरोध नोंदवावा. ज्यांना मान्य असेल त्यांनी उद्या सकाळी क्रीडापृष्ठ उघडताना हातात लेखणी ठेवावी, आणि जेथे ही भाषा दिसेल तेथून त्याच दिवशी संपादकाला पत्र लिहावे.