मातीच्या भिंतीला नावे ठेवू नका
(डिंगोरे येथील साक्षरता वर्गापुढील भाषण)



आज आपण घराविषयी बोलू. आपल्या गावात पुष्कळ जुनी घरे पाडली जात आहेत. घरकुलाचे पैसे आले, की पहिली कुदळ मातीच्या भिंतीवर पडते. विचारले तर म्हणतात, "गुरुजी, माती कच्ची, सिमेंट पक्के." मग स्लॅब पडतो. पैसे पुरत नाहीत म्हणून कर्ज होते. आणि वैशाखात त्याच घरातली माणसे रात्री अंगणात निजतात!

असे का होते ते पाहा. पत्रा लगेच तापतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता घरात सोडतो. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून उष्णता आत यायला फार वेळ लागतो. ती आत पोहोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो, बाहेरची हवा गार झालेली असते. वर कौले असली, की गरम हवा फटींतून निघून जाते. पंखा कमी लागतो, विजेचे बिलही कमी येते.

वर्ध्याजवळ सेवाग्राम आहे. तिथला उन्हाळा आपल्यापेक्षा कितीतरी कडक. महात्मा गांधी १९३६ साली तिथे राहायला गेले. त्यांची बापूकुटी माती, बांबू, लाकूड आणि कौले यांची आहे. ती आजही उभी आहे, कारण तिची निगा राखली जाते. मातीचे घर म्हणजे दुभती म्हैस. तिला नेहमी हात लागावा लागतो.

सिमेंटचे निराळे. चुनखडी भट्टीत सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी, तेव्हा सिमेंट होते. त्याला जळण किती लागत असेल! माती पायाने तुडवायची आणि उन्हात वाळवायची. ऊन फुकट.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, किल्लारी विसरलात काय?" नाही विसरलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या भिंती आणि माळवदे अंगावर पडून गेली. हे झाकून मातीचे गुणगान करणे बरे नव्हे.

पण त्या भिंती का पडल्या? भिंती दोन-अडीच फूट जाड. बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक थर, मध्ये गोटे आणि माती. दोन्ही थरांना एकत्र धरणारा दगडच नाही. हादरा बसला, थर सुटले, आणि वरचे मातीचे जड माळवद खाली आले.

म्हणून दगडी भिंत उठवताना गवंड्याला बजावून सांगा. भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. दोन्ही अंगांना पोहोचेल असा लांब दगड उभ्यात दर दोन फुटांवर आणि आडव्यात दर चार फुटांवर बसवायचा. दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींवर फिरणारा एकसंध पट्टा घालायचा. सिमेंट आणि सळई वापरायची ती इथे. छप्पर हलके, कौलारू. घरकुलात काय चालते ते आधी ग्रामपंचायतीत विचारा आणि नकाशा इंजिनियरला दाखवा.

भूकंप कधीतरी येतो, पाऊस दरसाल येतो. माळशेजच्या अंगाचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. जोते दगडाचे आणि दोन फूट उंच हवे. वळचण भिंतीपुढे दोन-अडीच फूट यावी. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र करू नका. आत ओल कोंडते आणि एक दिवस तो गिलावा माती घेऊनच खाली येतो. शेणमातीचा किंवा चुन्याचा गिलावा बरा. त्यातून ओल बाहेर जाते.

माती कोणती घ्यावी? काळी नको. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. काचेच्या बरणीत थोडी माती, भरपूर पाणी आणि चिमूटभर मीठ घाला. हलवून रात्रभर ठेवा. तळाला वाळू बसते, मग गाळ, सर्वांत वर चिकणमाती. चार हिश्श्यांत एक हिस्सा चिकणमाती असली की पुरे.

आणि घर पाडायचेच ठरले असेल, तर जुन्या भिंतीची पांढरी माती ट्रॅक्टरने ओढ्यात टाकू नका. तिचा ढीग करा. खडे, मुळ्या काढा. भुसा घालून आठवडाभर भिजत ठेवा आणि तुडवा. तीच माती पुन्हा भिंतीला चालते. चांगले वासे, घडीव दगड आणि शाबूत कौलेही बाजूला काढून ठेवा.