खाणावळीचा हिशेब
(वार्षिक सभेतील भाषण)



रुग्णांच्या नातेवाइकांच्या जेवणाचे डबे पुरविण्याचे काम आम्ही वस्तीतील महिलांच्या गटाकडे सोपविले, तेव्हा मुंबईच्या अन्नपूर्णा महिला मंडळाचे उदाहरण आमच्यासमोर होते. गिरणगावात खाणावळी चालविणाऱ्या स्त्रिया महिनाभर कामगारांना जेवू घालीत; पैसे हाती येत ते पगार झाल्यावर. तोवर वाणसामान उधारीने, वाणी सांगेल त्या भावाने. सावकाराचे व्याज निराळेच. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या स्त्रियांना संघटित करून राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारण ठेवावयास मालमत्ता नव्हती. एकमेकींची हमी हेच तारण ठरले.

एवढे ठाऊक असूनही आम्ही चुकलो. पहिल्या दोन महिन्यांची देयके आमच्याच लेखा विभागात मंजुरीवाचून पडून राहिली आणि गटाला डाळ-तांदूळ उधारीने आणावे लागले. खेळते भांडवल म्हणजे काय, हे आम्हां वाणिज्य पदवीधरांना त्या भगिनींकडून शिकावे लागले! आता दर शनिवारी हिशेब चुकता होतो. त्यासाठी वेगळी राखीव रक्कम हाताशी असावी लागते, आणि ती अद्याप अपुरी आहे. देणगी देताना ‘अन्नसेवा’ असा उल्लेख केल्यास ती याच खात्यात जमा केली जाईल.