कोकणच्या वाटेवरील तीन इंजिने

मराठीत आगगाडी आणि आगबोट हे दोन शब्द जुळ्या बहिणींसारखे नांदत आले. दोघींच्याही पोटी कोळशाची आग असे. रायगडच्या किनाऱ्यास मात्र दीर्घकाळ एकीचाच सहवास घडला. जिल्ह्याच्या पूर्वेकडील बोरघाटाची चढण वाफेच्या इंजिनाने १८६३ सालीच सर केली. पण तेथून पश्चिमेस, खाड्या आणि डोंगरसोंडा यांनी तुटलेल्या मुलखात, रूळ आले नाहीत. तेथे वाफेचे यंत्र चालले ते पाण्यावर. रेवस आणि धरमतर ह्या बंदरांनी मुंबईशी नाते जोडले ते आगबोटीच्या भोंग्याने.

हे नाते किती कठोर होऊ शकते, ते १७ जुलै १९४७ रोजी दिसून आले. त्या सकाळी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकानजीक खवळलेल्या दर्यात बुडाली व सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. पावसाळ्यातही भरवशाने चालेल असे वाहन ह्या किनाऱ्यास हवे होते.

ते यावयास विसाव्या शतकाची अखेर उजाडली. रूळ १९६४ साली दिव्याहून पनवेलपर्यंत आणि १९८६ साली कुंडलिकेच्या काठी रोह्यापर्यंत आले. रोह्यापासून दक्षिणेस मंगळुरानजीक ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरांचा मार्ग उभारण्यासाठी १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले व २६ जानेवारी १९९८ रोजी तो संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. परंतु भारतातील रुंद रुळांवरील वाफेच्या नियमित गाड्यांचे युग १९९५ सालीच मावळले होते. रोह्याच्या पुढे आगगाडी पोहोचली, ती आगीवाचूनच! लोकांनी मात्र नव्या गाडीस जुनेच नाव दिले.

अन्य देशांत हे स्थित्यंतर असे सरळ घडले नाही. ब्रिटनमध्ये १९५५ च्या योजनेनंतर वाफेस निरोप देण्याची एवढी घाई झाली की, १९६० साली बांधलेले ‘ईव्हनिंग स्टार’ हे तेथील रेल्वेचे अखेरचे वाफेचे इंजिन अवघ्या पाच वर्षांत सेवेतून काढावे लागले. एकाच एक्सप्रेसला वाटेत एका जंक्शनापर्यंत वाफेचे व पुढे डिझेलचे इंजिन, असा दुहेरी संसारही तेथे काही वर्षे चालला. कोकणच्या नव्या मार्गास वाफेचा वारसा नसल्यामुळे ही ओढाताण त्याच्या वाट्यास आली नाही. त्याच्या वाट्यास आली ती निराळीच.

मुंबईच्या परिसरात तारांतून १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह वाहत असे आणि रोह्याच्या दक्षिणेस तारच नव्हती. म्हणून मांडवी, कोकणकन्या अशा एक्सप्रेस गाड्यांना मुंबईतच डिझेल इंजिन जोडीत. डोक्यावर विजेची तार असूनही ते स्वतःचे तेल जाळीत धावे. वरकरणी हा उधळेपणा वाटतो. पण इंजिन बदलणे म्हणजे एक सोडणे, दुसरे जोडणे आणि ब्रेकांची फिरून परीक्षा घेणे. एकेरी मार्गावर समोरच्या गाडीची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या गाडीस मिनिटेही महाग असतात. एकच इंजिन अखेरपर्यंत नेणे हेच हिताचे होते.

वस्तुतः डिझेल इंजिनही विजेवरच चालते. त्यातील तेलयंत्र जनित्र फिरविते व त्या विजेने चाकांच्या मोटारी फिरतात. अर्थात हे इंजिन आपले वीजघर आपल्याच पाठीवर घेऊन धावते. डब्ल्यूडीएम-३डी जातीच्या इंजिनाची शक्ती ३,३०० अश्वशक्ती. तारेवर चालणाऱ्या डब्ल्यूएपी-७ ची सहा हजारांहून अधिक. शिवाय कोकणच्या मार्गाची चढण दीडशेत एक इतकी सौम्य ठेवण्यासाठी डोंगर पोखरून ९१ बोगदे करावे लागले. साडेसहा किलोमीटरांच्या करबुडे बोगद्यात डिझेलचा धूर कोंडू नये म्हणून हवा खेळविण्याची यंत्रणा आवश्यक ठरली.

नोव्हेंबर २०१५ मध्ये विद्युतीकरणाची पायाभरणी झाली. १,२८७ कोटी रुपये खर्चून ते पुरे झाले व २० जून २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. मुंबईतील प्रवाहही तोवर २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती पद्धतीचा झालेला असल्याने एकच विद्युत् इंजिन मुंबईहून थेट दक्षिणेस जाऊ लागले. डिझेलचे राज्य ह्या मार्गावर उणेपुरे चोवीस वर्षे टिकले.

तथापि ही प्रगती निव्वळ लाभाची आहे, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. आगबोट कोळसा वाही, डिझेल इंजिन तेल वाही; विद्युत् इंजिनाने ते ओझे टाकले, पण त्याबरोबर स्वावलंबनही टाकले. आषाढात एखादे झाड तारेवर कोसळले, तर सहा हजार अश्वशक्तीचे इंजिन जागच्या जागी खिळते. डोंगराचे भय तर तिन्ही युगांत सारखेच. जून २००४ मध्ये महाड तालुक्यात करंजाडीनजीक मत्स्यगंधा एक्सप्रेस दरडीच्या दगडांवर आदळून घसरली व तीत जीव गेले. तेथे इंजिन कोणत्या जातीचे, हा प्रश्न गौण होता. पावसाळ्यात गाड्यांचा वेग आवरणारे निराळे वेळापत्रक आणि मुसळधार पावसात रुळांवर गस्त घालणारा कामगार, हाच तेथील खरा आधार. आणि तार तुटलेल्या ठिकाणी मदतीस धावून जावयाचे, तर त्यास तेलाचेच इंजिन हवे.

म्हणूनच विजेच्या राज्यातही डिझेलची काही इंजिने सज्ज ठेवणे हा दुबळेपणा नव्हे. ती दूरदृष्टी आहे. दर्यावर वावरलेल्या कोकणी माणसास हे निराळे सांगावे लागत नाही. शिडात वारा भरला, तरी तो होडीतील वल्ही किनाऱ्यावर ठेवून जात नाही.