आभाळातून ओल किती दिसते?



पाऊस उघडला की आपण रानात मूठभर माती उकरतो. दाबून तिचा गोळा होतो का बघतो. ओलीची ही पारख आता आभाळातूनही होते. ती कशी होते आणि आपला तिच्याशी काय संबंध, ते आज सांगते.

अमेरिकेच्या नासा संस्थेनं जानेवारी 2015 मध्ये ‘स्मॅप’ नावाचा उपग्रह सोडला. माती स्वतःहून अगदी क्षीण लहरी बाहेर टाकत असते. ओल्या मातीतून त्या कमी येतात, कोरड्या मातीतून जास्त. उपग्रह त्या टिपतो आणि दर दोन-तीन दिवसांनी नवं माप देतो. पण त्याला दिसते ती फक्त वरची 5 सेंटिमीटर माती, म्हणजे तीनएक बोटं. शिवाय त्याचं एक माप साधारण 40 किलोमीटर रुंद पट्ट्याचं असतं. त्यात काळं रान, मुरमाड माळ, गावतळं सगळं एकत्र येतं.

मग तुरीच्या मुळाशी ओल किती, हे कसं कळणार? त्यासाठी संगणकावर गणित मांडतात. त्याला ‘मॉडेल’ म्हणतात. पाऊस, ऊन, वारा, मातीचा प्रकार हे त्यात घालायचं. पाणी किती मुरलं, किती वाहून गेलं, किती वाफ होऊन उडालं, याचा जमाखर्च ते मांडतं. पण पावसाचा आकडा चुकला, तर पुढची शिल्लकही चुकते. म्हणून उपग्रहाचं माप आलं की ताळा करतात. आपण गटाची वही आणि बँकेचं पासबुक जुळवतो, तसंच. फरक इतकाच की इथे दोन्हीकडे चूक असू शकते. ज्याची चूक कमी, त्याच्याकडे उत्तर जास्त झुकवतात.

कोणाची चूक किती, हे मात्र जमीनच सांगते. त्यासाठी ठिकठिकाणी मातीत ओल मोजणारी यंत्रं पुरतात. माती वजन करून, भट्टीत वाळवून, पुन्हा वजन करतात. जेवढं वजन घटलं, तेवढं पाणी. शंभर वाट्या मातीतलं पाणी मोजताना चूक चार वाट्यांच्या आत ठेवायची, असं स्मॅपचं उद्दिष्ट होतं. ते साधलं की नाही, हे अशा मोजमापानंच ठरतं.

हे आपल्या कामाचं का? 2018 मध्ये महाराष्ट्रात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्याआधी केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेप्रमाणे पाऊस, पेरणी, उपग्रहातून दिसणारी पिकांची स्थिती, मातीतली ओल, पाणीसाठे असे निकष लावले जातात. त्यानंतर तालुक्यातल्या 10 टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. ते शीत नीट पाहिलं गेलं पाहिजे. वरून हिरवं दिसतं, पण कणसात दाणा आहे का, हे बांधावरच कळतं.

पाहणीच्या दिवशी बहुतेक पुरुषच बोलतात. खुरपणी, वेचणी मात्र आपण करतो. कोणत्या तुकड्यात पीक आधी माना टाकतं, हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून पाहणीला हजर राहा, बोला.

आणि गटाच्या वहीत एक पान वेगळं ठेवा. सरळ बाजूचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी पट्टीनं पाऊस मोजा. विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं, फुलोऱ्यात किती दिवस खंड पडला, तारखेनिशी लिहा. तोंडी गाऱ्हाणं विसरलं जातं. तारीख घातलेला आकडा पाहणीला आलेल्यांपुढे ठेवता येतो.