पाण्याची भीती नसणं म्हणजे पाण्याची माहिती असणं नव्हे

(युवा मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनियर. माझं मूळ गाव खाडीकाठचं. आमच्याकडे पाण्याला कुणी घाबरत नाही, त्यामुळे पाण्याचे नियम शिकावे लागतात हेही कुणाच्या मनात येत नाही.

कामानिमित्त काही काळ न्यूयॉर्कमध्ये होतो. उन्हाळ्यात ऑफिसातल्या दोस्तांनी लाँग आयलंडला बोट घेऊन जायचं ठरवलं. मी म्हटलं, "बोट मी चालवतो, आमचं गावच खाडीवर आहे." एकानं विचारलं, "सर्टिफिकेट आहे?" मला हसू आलं. मग आठ तासांच्या वर्गात बसलो आणि हसू ओसरलं.

माझ्या शेजारी बारा-तेरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. पुढच्या बाकावर चाळीस वर्षं बोट चालवलेले एक आजोबा होते, जरा रागातच. शिक्षकांनी विचारलं, "जेट स्की जोरात आहे, समोर अचानक पोहणारा दिसला. काय कराल?" आजोबा लगेच म्हणाले, "रेस सोडेन." माझंही तेच उत्तर होतं. बाइकवर आपण तेच करतो.

मुलगा म्हणाला, "थोडी रेस ठेवून वळायचं."

मुलाचं बरोबर होतं. जेट स्कीला सुकाणू नसतं. मागून जोरात फेकलेलं पाणी तिला वळवतं. रेस सोडली की ते पाणी मंदावतं. मग तुम्ही हँडल कितीही फिरवा, ती सरळच जाते, त्या पोहणाऱ्याच्या अंगावर. काही नव्या मॉडेल्समध्ये यावर उपाय आहे, पण त्यावर विसंबून राहता येत नाही. इथे आपली सवयच जीव घेते, आणि ही गोष्ट नुसत्या अनुभवातून कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

आता या कायद्यामागची कहाणी ऐका. ऑगस्ट २००५ मध्ये लाँग आयलंडच्या ग्रेट साउथ बेमध्ये एका कुटुंबाच्या बोटीवर दुसरी बोट आदळली. अकरा वर्षांची ब्रिआना गेली. तिच्या आईनं बोट चालवणाऱ्यांना शिक्षण सक्तीचं व्हावं म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१९ मध्ये कायद्यावर सही झाली. आज तो 'ब्रिआनाचा कायदा' म्हणूनच ओळखला जातो.

त्याची अंमलबजावणी आम्ही सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्यानं सोडतो तशी झाली. २०२० मध्ये १९९३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सर्टिफिकेट सक्तीचं झालं. २०२२ मध्ये ही मर्यादा १९८८ वर आली, २०२३ मध्ये १९८३ वर, २०२४ मध्ये १९७८ वर. आणि १ जानेवारी २०२५ पासून मोटरबोट चालवणाऱ्या प्रत्येकाला, वय काहीही असो. दहा वर्षांचं मूल हा अभ्यासक्रम करू शकतं, पण जेट स्कीसाठी सर्टिफिकेटही हवं आणि किमान १४ वर्षं वयही.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सुरुवात तरुणांपासून झाली, पण कायदा तिथे थांबला नाही. "नियम पोरांना, आम्हाला सगळं येतं" ही सवलत थोरांना मिळाली नाही. त्या आजोबांनीही परीक्षा दिली. जाताना त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज तू मला शिकवलंस."

अमेरिकेच्या तटरक्षक दलाची २०२३ ची आकडेवारी पाहा. हौशी बोटींच्या अपघातांत ५६४ माणसं गेली. मृत्यूचं कारण माहीत होतं त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश बुडून गेले, आणि त्या बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. चालकाच्या प्रशिक्षणाची माहिती होती त्या घटनांत, ७५ टक्के मृत्यू प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या बोटींवर झाले.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे बोट चालवतो? खरंय. पण बसतो तर सगळेच. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला गेलेले १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळून १५ जीव गेले. दोन्हींची कारणं वेगळी, पण दोन्हीकडे अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं.

म्हणून एवढंच करा. बोटीत पाय ठेवण्याआधी विचारा: चालकाकडे परवाना आहे का? बोटीची क्षमता किती, माणसं किती? माझं जॅकेट कुठे आहे? उत्तर मिळालं नाही तर उतरा. बरोबरचे हसतील. हसू द्या. मीही हसलो होतो.

आणि गावाकडे कुणी काका-मामा म्हणाले, "आम्हाला नको शिकवू," तर वाद घालू नका. जॅकेट आधी स्वतः घाला, मग दुसरं त्यांच्या हातात द्या.